नवरदेव उतरेपर्यंत

मी स्वतः लग्न केलं नाही, पण भावकीतल्या निम्म्या नवरदेवांना मांडवापर्यंत मीच नेऊन सोडलं आहे. आमच्या दिघीतल्या चुलत्यांना याचं फार कौतुक. म्हणजे तोंडावर कौतुक, आणि माझी पाठ वळली की म्हणायचे, दुसऱ्यांचे नवरे वाहण्यातच हिची उमर गेली. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आमची जुनी गाडी चालवायला मला आवडायचं, आणि आमच्या घरात ती चालवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दोन्ही कारणं खरी होती.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. लांब नाकाची, गोल दिव्यांची, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. शेजारच्या लष्करी हद्दीतल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा ती आबांकडे आली. साहेब त्याआधी कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात होता, म्हणून त्या गाडीला हीटर होता. दिघीत हीटर! लोक मुद्दाम बघायला यायचे आणि हसून जायचे. आबांना त्याचं काही वाटत नसे. रविवारी सकाळी ते पाणी बघायचे, तेल बघायचे, चोक ओढून इंजिन चालू करायचे आणि तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत समोर उभे राहायचे. तो मध्यावर आला की मगच गाडी फाटकाबाहेर निघायची. "गार इंजिन पळवू न्हाई, आन् तापल्यालं भिजवू न्हाई." हा त्यांचा एवढाच उपदेश. मी काय शिकावं, कुठं नोकरी करावी, लग्न का करत नाही, यावर त्यांनी जन्मात अवाक्षर काढलं नाही. इंजिनाबद्दल मात्र तासभर बोलायचे.

मी चाकणला एका कंपनीत भट्टीवर आहे. लोखंडी भाग ठरावीक तापमानाला तापवून कडक करायचे, हे आमच्या विभागाचं काम. दिवसभर मी पडद्यावरचे आकडे बघते. आकडा थोडा जरी वर गेला तरी अख्खा माल भंगारात जातो, आणि भंगारात गेलेला माल रडून परत येत नाही. त्यामुळे उष्णता लोखंडाचं काय करते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण ही गोष्ट लोखंडाची असती तर मी लिहायला बसलेच नसते. आमची जमीन फार आधी, मातीमोल भावात सरकारी कामात गेली. चुलत्यांची राहिली, आणि पुढे तिच्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. एकाच घरातून निघालेली माणसं; ती कुठल्या कुठे गेली आणि आम्ही होतो तिथेच. आबा भावकीत वडीलधारे, पण नुसत्या वडीलधारेपणाला आता कोण विचारतं? त्यांच्याकडे भावकीला हवी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ही गाडी. घरात लग्न निघालं की पहिला माणूस आमच्या दारात यायचा. सुपारी ठेवायचा, आबांच्या पाया पडायचा आणि म्हणायचा, "आबा, परण्याला गाडी आपलीच." त्या दिवशी आबा दोन घास जास्त जेवायचे. गाडी गेली तर दारात येणारी ही माणसंही जातील, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. नवरदेव गावातल्या मारुतीला नमस्कार करतो आणि वाजतगाजत मांडवाकडे निघतो. पूर्वी घोडा असायचा. आबांची गाडी आल्यापासून आमच्या भावकीत घोडा बंद झाला. मात्र घोड्याचा एक नियम गाडीला चिकटला. नवरदेव बसलेला घोडा मध्येच थांबून बसला तर अपशकुन, म्हणून नवरदेव बसलेल्या गाडीचं इंजिनही मांडवाच्या दारात तो उतरेपर्यंत बंद करायचं नाही. हा नियम कोणी केला, कधी केला, देव जाणे. तेव्हा तो त्रासाचाही नव्हता. मारुतीपासून मांडव हाकेच्या अंतरावर. गाडी गरम व्हायच्या आत नवरदेव खाली.

मग मांडव गेले आणि लॉन्स आले. लॉन्स मोशीच्या पुढे, कुरुळीच्या बाजूला, नाशिक रस्त्यावर. आधी तो रस्ता, आणि लॉन्सच्या फाटकात पोचल्यावर पुढे डीजे आणि नाचणारी माणसं. ती गाडीला वीतभरही पुढे सरकू देत नाहीत. जुन्या इंजिनाला यापेक्षा वाईट काही नाही. गाडी पळते तेव्हा समोरून वारा येतो. उभी असली की सगळा भार त्या बिचाऱ्या पंख्यावर, आणि पंखाही इंजिन हळू चाललं की हळूच फिरतो. मी त्यावर एक उपाय काढला होता. काटा चढायला लागला की हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची धग आत घ्यायची, म्हणजे इंजिनाला तेवढाच दिलासा. वैशाखातल्या दुपारी शेरवानी घातलेला नवरदेव मागे बसलेला आणि त्याच्या पायाशी हीटरची झळ! कितीतरी नवरदेव मी असे शिजवून मांडवात उतरवले आहेत. त्यांच्या फोटोतला घाम लोकांना लाजेचा वाटतो.

आबांच्या डोळ्यांतली नजर कमी होत गेली तशी त्यांनी गाडी माझ्या हातात दिली. परण्याला ते माझ्या शेजारी बसायचे. तबकडी दिसत नसे, म्हणून विचारत राहायचे, "काटा कुठाय?" मी सांगायची. "मध्याच्या वर, आबा." "हीटर सोड." एवढंच आमचं बोलणं व्हायचं. आयुष्यात माझ्या इतकं जवळ बसून ते दुसऱ्या कुठल्याच कामासाठी माझ्याशी बोलले नसतील.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न निघालं. भावाचे टेम्पो आहेत, चाकणच्या कंपन्यांना माल पुरवतात, आणि ते दुरुस्त करायला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मनाने वाईट नाही. उलट फार हौशी, आणि हौशी माणसाइतकं नुकसान वैरीही करत नाही. परण्याआधी गाडी धुऊन, पॉलिश करून आणतो म्हणून तो ती घेऊन गेला. आली तेव्हा चकचकीत होती. आबांनी हात फिरवून पाहिला आणि खूश झाले.

रविवारी सकाळी आबा नेहमीसारखे गाडीसमोर उभे राहिले. मी आत बसून इंजिन चालू केलं. बराच वेळ झाला तरी काटा खालीच, मी आबांना तसं सांगितलं.

"आज का चढंना गं?" आबा म्हणाले.

मला शंका आली. मी बॉनेट उघडलं. ज्या जागी थर्मोस्टॅट बसतो तिथले बोल्ट नुकतेच खोललेले दिसत होते. थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटी झडप. इंजिन गार असतं तेव्हा ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की सोडते. मी तडक भावाच्या गॅरेजवर गेले.

"काढली ना," तो हसत म्हणाला. "ताई, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? ती थंड मुलखातल्या लोकांसाठी असती. माझ्या समद्या टेम्पोंच्या काढल्यात. आता बघ, तुझी गाडी तापायचीच न्हाई."

ही समजूत त्याच्या एकट्याची नाही. आमच्या या पट्ट्यात दहातली नऊ गॅरेजं हेच सांगतात. गरम देशात झडप कशाला? पाणी सारखं फिरू दे, इंजिन थंड राहील. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण आमच्या इंजिनात त्या झडपेला दुसरंही काम होतं. पाण्याला दोन वाटा होत्या, एक लांबची, रेडिएटरमधून जाणारी, आणि एक जवळची, तशीच परत इंजिनात येणारी. इंजिन तापलं की झडप जवळची वाट बंद करायची. आता ती वाट कायमची उघडी. सकाळच्या गारव्यात काटा चढत नव्हता, पण खरी धग लागली की निम्मं पाणी निवल्याशिवायच आत येणार होतं. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं हे मला दिसत होतं. झडप कुठे आहे विचारलं, तर ती भंगारात गेली होती.

त्या आठवड्यात मी भोसरीपासून पुण्यातल्या जुन्या सुट्या भागांच्या गल्लीपर्यंत फिरले. इतक्या जुन्या गाडीची झडप कोणाकडे असणार? जवळपासच्या मापाच्या दोन आणल्या, बसल्या नाहीत. शेवटी मी आबांना म्हटलं, "या लग्नाला गाडी नको. मी सांगते त्याला."

आबा म्हणाले, "घरचं लगीन हाय. त्यानं हौसंनं केलंय. न्हाई कसं म्हनू?"

"आबा, इंजिन जाईल."

"आन् गाडी न्हाई गेली तर मला कोन इचारतंय?"

एवढं उघडं ते कधी बोलले नव्हते. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. भावाचा, भावकीचा, आबांचाही. सगळा जन्म ज्या माणसाने काटा मध्यावर ठेवण्यात घालवला, त्याने असं म्हणावं! गप्प बसण्यापलीकडे माझ्या हातात होतंच काय?

लग्नाच्या दिवशी मारुतीपाशी सगळं ठीक होतं. भोसरी ओलांडून नाशिक रस्त्याला लागलो आणि मोशीच्या पुढे अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी शिफ्ट सुटलेल्या कंपनीच्या बसेस. ऊन असं की टपावर भाकरी भाजावी. काटा मध्यावरून निघाला आणि थांबेचना. मी हीटर सोडला.

मागून नवरदेव म्हणाला, "आत्या, एसी न्हाई का हो?"

"एसी नाही. हीटर आहे, आणि तो चालू आहे."

"मंग मी मागच्या गाडीत बसू का?"

"मधी उतरायचं न्हाई," आबा म्हणाले. "काटा कुठाय?"

मी सांगितलं. मी जागच्या जागी इंजिन थोडं वेगात ठेवलं, म्हणजे पंखा जोरात फिरेल. त्याने थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तापलेल्या पाण्याचा एक गोडसर वास असतो, तो आत यायला लागला. आबांना काटा दिसत नव्हता, पण नाक शाबूत होतं.

लॉन्सच्या फाटकात पोचलो तेव्हा काटा लाल पट्टीला टेकला होता. मला वाटलं, सुटलो. पण पुढे डीजे, त्याच्या पुढे सगळी भावकी नाचतेय, वर ड्रोन फिरतोय. नवरदेवाला गाडीतून उतरवायचा मान नवरीच्या भावाचा, आणि नवरीचा भाऊ त्या गर्दीत कोणाच्या तरी खांद्यावर बसून नाचत होता. मी हॉर्न वाजवला. त्यांना वाटलं मीही ताल धरलाय. त्यांनी हात वर करून प्रतिसाद दिला.

"आबा, लाल पट्टीच्या पार गेलाय. बंद करते."

"न्हाई."

"आबा, इंजिन चिरेल. आत्ता बंद केलं तर अजून वाचेल."

"नवरदेव उतरू दे."

"आबा..."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. माझा हात चावीवर होता. "पोरी," ते म्हणाले, "समदी बघत्यात. नवरदेव उतरू दे."

मी हात काढून घेतला. त्यांनी ठरवलं होतं. काय जाणार आहे हे त्या सगळ्या गर्दीत त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं, आणि तरी त्यांनी ठरवलं होतं.

बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. माझ्या चुलत भावाला ती दिसली. त्याचं धावून येणं मला दिसलं, त्याच्या मागे दोन माणसं लग्नाच्या थंड पाण्याचा जार उचलून येतानाही दिसली. मी काच खाली करून ओरडले, पण डीजेपुढे माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? त्यांनी अख्खा जार पुढच्या जाळीवर ओतला. बर्फासारखं पाणी, आणि आत निखारा. असा फुसकारा झाला आणि वाफेचा असा लोट उठला की सगळी गाडी पांढरी झाली. आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या! त्यांना वाटलं नवरदेवाच्या एंट्रीचा धूर आहे. ड्रोन खाली आला. फोटोवाला काचेपाशी येऊन म्हणाला, "मॅडम, परत एकदा होईल का?"

मग नवरीचा भाऊ आला. भाकरतुकडा ओवाळला, नारळ फुटला, नवरदेव उतरला. मी चावी फिरवली. तरी इंजिन थांबेना. आतलं लोखंड इतकं तापलं होतं की चावी काढल्यावरही ते आपलं आपण ठोके देत राहिलं, वेडंवाकडं, सगळी गाडी हलवत. मग थांबलं. आबा सावकाश उतरले, सदरा नीट केला आणि मांडवात गेले. त्या दिवशी त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. ते चांगले जेवलेही.

गाडी टेम्पोला बांधून ओढत घरी आणली. मी दुसऱ्या दिवशी तेलाची कांडी काढून बघितली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी तेलात मिसळलं होतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं होतं आणि खालचा इंजिनाचा ठोकळाच चिरला होता. तो ओतीव लोखंडाचा. त्याला वेल्डिंग करून देणारे असतात, पण ज्याने नीट बघितलं त्याने मान हलवली. तसा दुसरा ठोकळा कुठेही मिळत नाही. मी सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "कळलं हुतं मला." मग विचारलं, जेवायला काय आहे.

भाऊ आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. टेम्पोचं इंजिन बसवून देतो म्हणाला, ते बसणार नव्हतं. मग म्हणाला, "तसं नसंल तर आपल्या वळखीच्या लॉन्सवाल्याला देऊ, आबा. फाटकात उभी करतील. फुलं-बिलं लावून सेल्फी पॉइंट. लोक फोटो काढतील. तुमचं नाव लावू तिथं." आबांनी मान वर केली. त्यांनी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "मेलेल्या माणसाला हार घालून दारात बसवतात का?" भाऊ गेला. आबा नंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, त्यांना भावाचा राग आलाय. राग माझा होता. त्यांना गाडी द्यायची होती.

दिवाळीनंतर भावकीत पुढचं लग्न निघालं. दारात कोणी आलं नाही. पत्रिका माझ्या मोबाइलवर आली. मी ती आबांना वाचून दाखवली आणि सुपारी ठेवायला कोण येणार हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. परण्याला छत उघडणारी भाड्याची गाडी होती. मारुतीपाशी नवरदेव आत बसलेला असतानाच ती बंद केली, परत चालू केली. कोणाच्या कपाळावर आठी आली नाही. इतकी वर्षं ज्या अपशकुनाच्या धाकाने आम्ही इंजिन जाळलं, तो कुठे गेला?

आम्ही रिक्षाने लॉन्सवर गेलो. आबांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, पांढरी टोपी घातली होती. मी त्यांना हात धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. स्टेजवरून एक जण माइकवर नावं घेत होता. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना फेटे बांधतात. फेटा बांधणारा खांद्यावर भगव्या कापडांची चवड टाकून रांगेतून येत होता, माइकवर नाव आलं की त्या माणसासमोर थांबायचा, भराभर फेटा बांधायचा आणि पुढे सरकायचा. नगरसेवक झाले, बिल्डर झाले, कोणी कंपनीतले साहेब झाले. आबांना दिसत नव्हतं, पण पावलं जवळ येत असल्याचं कळत होतं. शेजारच्या माणसाला फेटा बांधून होत आला तसं आबांनी आपली टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मान खाली वाकवली.

फेटेवाला त्यांच्यासमोरून पुढच्या खुर्चीकडे गेला.

आबा तसेच बसले होते, मान वाकवून, विरळ पांढरे केस सगळ्यांना दिसतील असे. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "आबा, टोपी घाला."

"झालं का समद्यांचं?"

"झालं."

त्यांनी टोपी चाचपली, हळूच डोक्यावर ठेवली. "कापड संपलं आसंल त्याचं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. त्या माणसाच्या खांद्यावर अजून पुष्कळ कापडं होती.